मेनवरचं पायताण

माझ्या डाव्या पायातलं पायताण मेन स्विचच्या दांड्याला लटकलेलं असलं की त्या स्विचला कुणी हात लावायचा नाही. एवढा एकच कायदा मी एकतीस वर्षं पाळला आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतला. शिवाजी पेठेतल्या गिरण्या असोत की शिरोळकडची दूध केंद्रं, आकाराम वायरमनचं पायताण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याच्या अंगठ्याला अर्थिंगची हिरवी वायर गुंडाळलेली आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं म्हणून खपत नाही. लटकलं म्हणजे आत माणूस काम करतोय. काढलं म्हणजे काम संपलं, खुशाल चालू करा. तोवर मी एक पाय मोकळा ठेवून लंगडत फिरतो, म्हणजे मलाही विसर पडत नाही. लोक हसतात. हसू देत. माझ्या हाताखाली कुणाला कधी साधा चटका बसला नव्हता आणि त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

माझी पोरगी अनुजा सव्वीस वर्षांची. आयटीआय केलं, दोन वर्षं गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत होती, मग ती नोकरी सोडून माझ्याबरोबर यायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. कंपनीतून मात्र ती नको ती खोड घेऊन आली होती. पॅनलमधून हात बाहेर काढला की पुन्हा आत घालण्याआधी टेस्ट लॅम्प लावून बघायची. टेस्ट लॅम्प म्हणजे काय तर होल्डरला एक बल्ब आणि दोन वायरी. एक वायर अर्थिंगला धरायची, दुसरी तारेला. बल्ब लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. काम सुरू करताना एकदा बघावं, हे मलाही कळतं. ही बाई पाना उचलायला वाकली तरी उठून पुन्हा बघायची. मी तिला भित्री म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो.

ही गोष्ट खंडेनवमीच्या दिवशीची.

शिरोळ रस्त्यावर एक दूध शीतकरण केंद्र आहे. आजूबाजूच्या गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथं येतं, थंड होतं आणि टँकरनं पुढं जातं. यंदा कृष्णेला पूर आला तेव्हा त्यांचं पॅनल दोन दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर सगळे ब्रेकर काढून नवे बसवा, असं मी सांगून आलो होतो. त्यांनी काय करावं? ब्रेकर काढले, पत्र्यावर उन्हात वाळत घातले आणि चार दिवसांनी परत बसवले. पापड आहेत का ते? दोन महिने कसेबसे चालले. नवमीच्या सकाळी पॅनलचा मोठा ब्रेकर जळका वास सोडून जो पडला तो पुन्हा उभाच राहिना. मॅनेजर उदयसिंहचा फोन आला.

"मिस्त्री, पाया पडतो, या. पाचला सांजचं दूध येतंय. आठ हजार लिटर नासंल."

सणाच्या दिवशी मी कामाला जात नाही. पण दूध नासणार म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? अनुजाच्या आईनं भाकरी बांधून दिल्या, "उद्या दसरा हाय, सांजच्याला वेळेत या," म्हणाली, आणि आम्ही दोघं मोटरसायकलवरून निघालो. नवा ब्रेकर अनुजाच्या मांडीवर होता.

त्या केंद्राची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गेटाला लागून ऑफिस आणि त्याला चिकटून मीटरची खोली. मेन स्विच तिथं. मधे मोठं अंगण. अंगणाच्या पार मागं कॉम्प्रेसरची शेड आणि तिच्या पोटात पॅनलची खोली. मेनपासून पॅनल शंभर पावलं तरी लांब. तिथून हे दिसत नाही आणि इथून ते दिसत नाही.

मी मेन खाली पाडला आणि पायताण काढून दांड्याला अडकवलं.

अनुजा म्हणाली, "आण्णा, खोलीला कुलूप घालूया की. माझ्याजवळ हाय."

"कुलूप? आज नवमी हाय. मीटरची पूजा करायला आत नको व्हय कुणी यायला?"

"म्हणूनच म्हणते."

"गप ग. भित्री कुठली!"

उदयसिंह शेजारीच उभा होता. तो हसला. मला बरं वाटावं म्हणून हसला असेल. मी त्याला दांडा दाखवून बजावलं, तर म्हणाला, "बिनघोर ऱ्हावा मिस्त्री. तुमच्या पायताणाचा अर्थ आमच्यातल्या शेंबड्या पोराला पण ठावं हाय." खरंच होतं ते. त्याला अर्थ अगदी नीट ठाऊक होता.

पॅनलपुढं आम्ही लाकडी फळी टाकली. अनुजा फळीवर उभी राहिली, लॅम्प लावून बघितला, तिन्ही तारा मेलेल्या होत्या. तिनं जुना ब्रेकर सोडवायला घेतला. त्याची पाठ जळून काळी झाली होती आणि फटीत अजून पुराचा गाळ होता. बोल्ट गंजून बसले होते. जोर लावायचा, हात बाहेर काढायचा, घाम पुसायचा, लॅम्प लावायचा, मग परत हात आत. तीनदा बघितलं, चारदा बघितलं. माझं डोकं तडकलं.

"अगं, मेन काय आपल्या पायानं वर चढतंय व्हय? पाच वाजता दूध यायचंय, कळतंय का न्हाय?"

"कंपनीत आमाला..."

"कंपनी गेली खड्ड्यात! माझ्या पायताणावर भरवसा न्हाय व्हय तुझा? परत त्या लॅम्पला हात लावलास तर घरला पाठवून दीन!"

लॅम्प गुंडाळून तिनं पिशवीत टाकला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणापासून तिला राग आला की तसंच होतं. मला त्यात समाधान वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

जुना ब्रेकर निघाला. केबलची तीन उघडी टोकं एकमेकांपासून चार-चार बोटांवर पुढं आली होती. त्यांच्या मधे हात घालूनच नवा ब्रेकर बसवायचा. पण नव्याची भोकं जुन्या पट्ट्यांशी जुळेनात. गेटाजवळ लावलेल्या मोटरसायकलच्या डिकीत तांब्याच्या पट्ट्या होत्या. आमचे दोघांचे फोनही तिथंच होते, कारण पॅनलपुढं फोन घ्यायचा नाही हाही माझाच कायदा.

"तू वरचे बोल्ट साफ करून घे, मी आलोच," असं सांगून मी एक पाय चपलेत, एक मोकळा, असा बाहेर पडलो.

ऑफिसच्या ओसरीवर पूजा चालली होती. वजनकाटा, पाने, हातोडे, दुधाचे कॅन, सगळ्यांना हळदी-कुंकू आणि झेंडूच्या माळा. मागं देवीचा फोटो. पंधरा-वीस माणसं टाळ्या वाजवत आरती म्हणत होती आणि एक जण घंटा बडवत होता. पट्ट्या काढून परत फिरावं म्हणून मी ओसरीच्या पायरीजवळून वळलो आणि खाली बघितलं.

पायरीशी चपला-बुटांची रांग होती. जोड्या कशा नीट लावलेल्या. आणि रांगेच्या शेवटी एकच एकटं पायताण होतं. डाव्या पायातलं. अंगठ्याला हिरवी वायर.

मला आधी कळलंच नाही. आपलं पायताण इथं कसं, एवढंच वाटलं. मग मी मान वर केली. देवीच्या फोटोभोवती बारक्या दिव्यांची माळ सोडली होती. आम्ही आलो तेव्हा मी मेन पाडल्यावर ती विझली होती, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

माळ लागली होती. लाल, हिरवे, पिवळे दिवे चालू-बंद होत होते.

माझ्या हातातल्या पट्ट्या पडल्या. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, आणि आरतीच्या टाळ्यांत ते कुणाला ऐकूही गेलं नाही. एकीकडं शंभर पावलांवर माझी पोरगी, दुसरीकडं दहा पावलांवर मेन. पाय तिच्याकडं ओढत होते. पण शॉकला चिकटलेल्या माणसाकडं धावायचं नाही, आधी मेन पाडायचा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं. मी पोरीकडं पाठ केली आणि मेनकडं पळालो. ती दहा पावलं मी अजून झोपेत पळतो.

मीटरच्या खोलीत उदबत्तीचा धूर होता. मेन स्विच घासूनपुसून लख्ख केलेला, त्यावर कुंकवाची पाच बोटं आणि दांड्याला झेंडूची माळ. दांडा वर होता. मी माळेसकट तो खाली ओढला. माळ तुटून फुलं माझ्या पायावर पडली. बाहेर दिव्यांची माळ विझली तशी आरती अडखळली आणि उदयसिंह आत आला.

"मिस्त्री, आरती चाललीया की वो! बंद कशाला केलं?"

"कुणी चालू केलं?"

"मी केलं. पायताण न्हवतं की. मला वाटलं, तुमचं काम झालं."

त्याच्या मागं शालूबाई उभी होती. केंद्राची झाडलोट बघणारी साठीची बाई, पूजेचं ताट अजून तिच्या हातात. ती घाबरून म्हणाली, "पायताण मी काढलं, मिस्त्री. देवाला पूजायचं आणि त्याच्या अंगावर पायताण ठिवायचं? पाप लागंल म्हणून काढलं. नीट झटकून ठिवलं बगा तुमचं, टाकलं न्हाय."

"किती वेळ झाला?"

"दोन आरत्या झाल्या की," शालूबाई म्हणाली.

दोन आरत्या. मी तेवढा वेळ डिकीत पट्ट्या हुडकत होतो. कुणाला काय बोलायचं? एकीनं देवासाठी काढलं आणि दुसऱ्यानं माझाच कायदा पाळला. मी शालूबाईला हाताला धरून स्विचला पाठ लावून उभं केलं. "हितनं हालायचं न्हाय. देव जरी आला तरी हात लावू द्यायचा न्हाय," म्हणालो. ती रडत तशीच उभी राहिली.

मग ती शंभर पावलं.

मी पळालो नाही. पळता येईना. अंगणात ऊन होतं, कॉम्प्रेसर बंद म्हणून सगळीकडं गप्प होतं, आणि मागं कुणीतरी अजून घंटा वाजवत होतं. मी तिला हाक मारली नाही. हाक मारली आणि ओ आली नाही तर? जोवर मी हाक मारत नव्हतो तोवर ती फळीवर उभी राहून बोल्ट साफ करत होती, कानाच्या पाळ्या लाल करून माझ्यावर चिडत होती. मला तेवढीच शंभर पावलं तिला जिवंत ठेवायची होती. तिच्या आईला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळायला लागली आणि मला माझीच किळस आली. सात-आठ वर्षांची असताना ती माझ्या डाव्या पायताणात दोन्ही पाय घालून घरभर फिरायची, तेही नेमकं तेव्हाच आठवलं. मी रडत होतो की नाही ठाऊक नाही. तोंडाला खारट लागत होतं.

शेडमधे शिरलो. नाकानं आधी वास घेतला. जळक्या मांसाचा वास कसा असतो ते या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. जुन्या ब्रेकरचाच वास येत होता, पण माझं नाक त्यावर विश्वास ठेवीना. पॅनलच्या खोलीच्या दाराला टेकून मी आत बघितलं.

फळीवर कुणी नव्हतं.

समोरच्या भिंतीला पाठ टेकून ती जमिनीवर बसली होती. पाय सरळ पसरलेले, हात मांडीवर, मान जरा कलती. डोळे उघडे होते. हलत नव्हते. शेजारी पाना पडला होता.

"अने," मी म्हणालो. परत म्हणालो, "अने."

तिनं डोळे माझ्याकडं वळवले.

"आण्णा," ती म्हणाली, "लागला की."

तेव्हा मला दिसलं. तिच्या मांडीवर टेस्ट लॅम्प होता. वायरी दोन्ही मुठीत गच्च धरलेल्या, बोटं पांढरी पडलेली. बल्ब आता विझलेला होता.

मी तिच्यापुढं खाली बसलो, खरं तर पडलोच. तिचे हात उलटेसुलटे करून बघितले. तळवे बघितले, बोटांची टोकं बघितली, कोपरापर्यंत बघितलं. काही नव्हतं. ग्रीस होतं आणि गंज होता. मी परत पहिल्यापासून बघायला लागलो.

"काय न्हाय झालं," ती म्हणाली. "दोनदा हाक मारली तुमाला. मग पायच चालंनात."

"हात... हात आत हुता?"

"हुता. बोल्ट साफ करत हुते. तेवढ्यात वायसर पडला खाली. वाकून उचलला. परत हात घालनार, तर म्हटलं बगावं." तिनं मांडीवरचा बल्ब उचलला. "पहिल्याच तारेला भक्कन लागला. आण्णा, माझा हात हितवर गेलता." तिनं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. दोन इंचही नसेल.

"मी तुला लावू नको म्हणलतो," मी म्हणालो. का म्हणालो कळत नाही. माझं तोंड आपलं आपणच बोलत होतं.

"व्हय."

"मग कसा लावलास?"

ती खाली बघत, एखादी चूक कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "तुमी न्हवतासा म्हणून. म्हटलं, आण्णा यायच्या आत पटकन बगून घ्यावं. पिशवीतनं काढला, दार बगितलं, तुमी दिसला न्हाईसा, मग लावला." मग पुढं म्हणाली, "तुमी हितं उभं असतासा तर न्हवता लावला. तुमी वरडतासा की."

पट्ट्या डिकीत होत्या, माझ्या खिशात नव्हत्या, म्हणून माझी पोरगी जिवंत होती. मी तिच्या शेजारी उभा राहून तिची राखण करत असतो तर ती मेली असती. माझ्या भीतीनं मेली असती, करंटच्या नव्हे.

मग तीच उठली. "दूध यायचंय," म्हणाली. मी म्हटलं, नासू दे. ती म्हणाली, "लोकांचं हाय आण्णा, नासू दे कसं?" तिनं तिचं कुलूप घेतलं, मीटरच्या खोलीला घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. शालूबाई अजून स्विचला पाठ लावून उभीच होती. तिला अनुजानंच हाताला धरून बाहेर आणलं आणि पाणी दिलं. उदयसिंहनं पट्ट्या गोळा करून दिल्या. माझं पायताणही त्यानं आणून पुढं ठेवलं. मी ते घातलं नाही.

परत पॅनलपुढं आलो. अनुजा फळीवर चढली. तिनं लॅम्पसाठी पिशवीत हात घातला, पण लॅम्प माझ्याकडं होता. मी तिला बाजूला सारलं, एक वायर अर्थिंगला धरली, दुसरी पहिल्या तारेला. नाही लागला. दुसरी तार, नाही लागला. तिसरी, नाही लागला. ती पुढं सरकली. मी तिला थांबवलं आणि पहिल्यापासून परत बघितलं.

"आण्णा, कुलूप हाय. किल्ली माझ्या खिशात हाय."

"ठावं हाय मला."

तिनं एक बोल्ट आवळला आणि घाम पुसायला हात बाहेर काढला. मी लॅम्प लावून बघितला. तिनं दुसरा बोल्ट घेतला, वायसर घेतला. मी बघितला. आठ बोल्ट होते त्या ब्रेकरला. सातव्याला ती वैतागून म्हणाली, "आण्णा, बास की आता! पाच वाजत आल्यात."

मी परत लावून बघितला.